पाण्यात ग्लुकोज ओळखणारा कृत्रिम रिसेप्टर: बोरॉनिक आम्ल घ्यावं की पिंजरा?

ग्लुकोजला धरणारा रेणू (रिसेप्टर) करायला बोरॉनिक आम्ल, म्हणजे साखरेच्या हायड्रॉक्सिलांशी (OH गटांशी) सुटू शकणारे बंध करणारं बोरॉनचं संयुग घ्यावं, की साखरेला पोटात घेणारा पोकळ रेणू, म्हणजे पिंजरा, असं सहा महिन्यांच्या एमएस्सी प्रकल्पासाठी विचारताय, म्हणून आधीच सांगतो: बंध-स्थिरांक (रेणू साखरेला किती घट्ट धरतो याचं माप) मोजायला शिकायचं असेल तर बोरॉनिक आम्ल घ्या. पण फक्त ग्लुकोजच पकडायचं असेल, तर साध्या फेनिलबोरॉनिक आम्लावर भिस्त ठेवू नका. पीएच ७.४ ला त्याचा स्थिरांक ग्लुकोजशी जेमतेम ४.६ प्रति मोलर आणि फ्रुक्टोजशी १६०, म्हणजे ओढा नेमका नको तिकडे.

खरी अडचण पाणी. ते स्वतःच सुमारे ५५ मोलर असतं आणि हायड्रॉक्सिलांनी भरलेली साखर त्यात बेमालूम लपते. नुसते हायड्रोजन बंधांचे गट टांगून भागत नाही. बीटा-ग्लुकोजचे हायड्रॉक्सिल कडेला पसरलेले असतात, वर-खाली मात्र पाण्याची ओढ नसलेले सी-एच बंध. ब्रिस्टलच्या अँथनी डेव्हिस यांच्या गटाने हेच हेरून पिंजऱ्याचे छत आणि तळ अरोमॅटिक (बेंझिनसारख्या सपाट वलयांचे), खांब ध्रुवीय ठेवले. २०१२ चा अँथ्रासीनचा पिंजरा ५६ प्रति मोलरवर राहिला. नंतरचा सहा युरिया-गटांचा पिंजरा १८,००० च्या घरात गेला. गॅलेक्टोजचा चौथ्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल उभा असल्याने तो आत नीट बसत नाही.

पिंजरा करायचाच, तर शेवटचं कडं जोडताना द्रावण खूप विरळ ठेवा आणि सिरिंज पंपाने सावकाश सोडा, नाहीतर पॉलिमर हाती येतो. बाहेरून कार्बॉक्सिलेट लावले तरी रेणू एकमेकांना चिकटतात. साखर घालण्याआधी १ ते ०.०५ मिलिमोलर अशी विरलन-एनएमआर घ्या, म्हणजे द्रावण विरळ करत जाऊन रेणूचा चुंबकीय वर्णपट पाहा. शिखरं सरकली तर पुढचे आकडे निरर्थक.

बोरॉनिक आम्लासाठी: ०.१ मोलर फॉस्फेट बफर (पीएच स्थिर ठेवणारं द्रावण), पीएच ७.४, ०.१ मिलिमोलर अॅलिझरिन रेड एस (लाल रंगद्रव्य), २ मिलिमोलर बोरॉनिक आम्ल. रंगद्रव्य सुमारे ७० टक्के बोरॉनिक आम्लाशी बांधलं जाऊन लालाचं पिवळसर होतं. साखर घातली की ती बोरॉनिक आम्ल ओढून घेते आणि लाली परतते. ग्लुकोज-द्रावण त्याच बफरमध्ये, रात्रभर ठेवलेलं हवं, कारण ताज्या द्रावणात ग्लुकोजच्या अल्फा आणि बीटा या दोन रूपांचा समतोल झालेला नसतो. बंध होताना पीएच घसरतो, तो प्रत्येक टप्प्यावर तपासा. स्थिरांक इतका लहान की ८० टक्के बोरॉनिक आम्ल साखरेने व्यापायला जवळपास १ मोलर, म्हणजे लिटरला १८० ग्रॅम ग्लुकोज लागतं. एवढ्या घट्ट द्रावणात नुसत्या साखरेनेही वाचन हलतं. बोरॉनिक आम्लाशिवायचं एक पूर्ण टायट्रेशन (साखर टप्प्याटप्प्याने वाढवत केलेली मोजणी) करून ते वजा करा. बहुतेक फुगलेले आकडे इथेच जन्मतात.