‘व्हाइल’नंतर ‘विल’ चालते का?

या महिन्यात आलेल्या पत्रांपैकी तीन पत्रे एकाच गाठीपाशी अडलेली दिसली, म्हणून ती एकत्र घेतली आहेत. इंग्रजी वाक्ये या सदराच्या प्रथेप्रमाणे देवनागरीतच दिली आहेत.

प्रश्न : आमची द्राक्षबाग आहे. माल कधी निघेल हे नेदरलँड्समधील खरेदीदाराला कळवण्यासाठी माझ्या मुलीने असे वाक्य लिहिले : ‘व्हाइल द फर्स्ट कंटेनर विल लीव्ह इन फेब्रुवारी, द सेकंड विल लीव्ह इन मार्च.’ तिच्या शिकवणीच्या सरांनी पहिले ‘विल’ खोडले आणि ‘व्हाइल’नंतर ‘विल’ कधीच येत नाही, असे बजावले. मुलगी मात्र आपले वाक्य बरोबर असल्याचे सांगते. आम्ही कोणाचे खरे मानावे?
— एक द्राक्षबागायतदार, निफाड तालुका

उत्तर : मुलीचे. सरांनी सांगितलेला नियम खोटा नाही. पण तो ज्या ‘व्हाइल’चा आहे, तो हा ‘व्हाइल’ नव्हे. इंग्रजीतील या एका शब्दाच्या पोटात दोन अर्थ आहेत. एक काळाचा, म्हणजे एक काम चालू असताना दुसरे घडते, तेव्हाचा. आणि दुसरा विरोधाचा, म्हणजे एकीकडे असे, तर दुसरीकडे तसे. काळ दाखवणाऱ्या गौणवाक्यात, म्हणजे ‘व्हेन’, ‘अंटिल’, ‘बिफोर’, ‘ॲज सून ॲज’ आणि काळवाचक ‘व्हाइल’ यांच्यानंतर, गोष्ट उद्याची असली तरी इंग्रजी क्रियापद वर्तमानकाळाचेच रूप घेते. ‘आय विल काउंट द क्रेट्स व्हाइल यू लोड द ट्रक’, म्हणजे तुम्ही ट्रक भरत असताना मी क्रेट मोजीन. येथे ‘व्हाइल यू विल लोड’ लिहिले असते, तर सरांची लाल रेघ योग्यच ठरली असती.

ट्रक भरण्याची गोष्ट त्या वाक्यात बातमी म्हणून आलेली नाही. क्रेट मोजण्याचे काम टांगून ठेवण्यापुरती ती खुंटी आहे. भविष्यकाळ मुख्य वाक्याने एकदा सांगितला, की खुंटीवर तो पुन्हा कोरण्याची गरज इंग्रजीला वाटत नाही. आपल्या मुलीच्या वाक्यात मात्र दोन्ही कंटेनर स्वतंत्र बातम्या आहेत. पहिला फेब्रुवारीत निघेल हे खरेदीदाराला नव्यानेच कळते आहे, आणि दुसरा मार्चमध्ये निघेल हेही. दोन्ही विधाने आपापल्या पायांवर उभी असल्यामुळे दोन्हींना आपापले ‘विल’ घेण्याचा हक्क आहे. ‘ऑल्दो’, ‘दो’, ‘इव्हन दो’ आणि ‘व्हेअरॲज’ यांच्यानंतरही याच कारणाने ‘विल’ चालते. ‘बट’बद्दल तर शंकाच नको, कारण तो दोन मुख्य वाक्यांनाच जोडतो.

ओळखायचे कसे, याची खूण मराठीतच आहे. वाक्य मराठीत करून पाहावे. ‘असताना’ हा शब्द आला, तर ‘व्हाइल’ काळाचा आहे आणि ‘विल’ नको. दोन वाक्यांच्या मधोमध ‘तर’ आला (जर-तरमधला ‘तर’ नव्हे, ‘थोरला शेती पाहील, तर धाकटा दुकान सांभाळील’ यातला), तर ‘व्हाइल’ विरोधाचा आहे आणि ‘विल’ खुशाल लिहावे. इंग्रजीतच पडताळायचे असेल, तर ‘व्हाइल’च्या जागी ‘व्हेअरॲज’ ठेवून पाहावे. नाशिककरांना लगेच पटेल असे उदाहरण सिंहस्थाचे आहे : ‘द वैष्णव अखाडाज विल बेद ॲट रामकुंड, व्हेअरॲज द शैव अखाडाज विल बेद ॲट कुशावर्त.’ वैष्णव आखाडे रामकुंडावर स्नान करतील, तर शैव आखाडे त्र्यंबकेश्वरी कुशावर्तावर. येथे ‘व्हेअरॲज’ काढून ‘व्हाइल’ घातला तरी अर्थ तोच राहतो, आणि ‘विल’ही तसेच राहते.

सरांनी ‘विल’ खोडल्यावर उरलेले ‘द फर्स्ट कंटेनर लीव्हज इन फेब्रुवारी’ हे वाक्यही अशुद्ध नाही, कारण ठरलेल्या वेळापत्रकासाठी इंग्रजीत साधा वर्तमानकाळ चालतो; आपणही ‘गाडी उद्या सहाला सुटते’ असे म्हणतोच. त्यांची दुरुस्ती चालण्याजोगी आहे, तिच्यासाठी दिलेले कारण तेवढे चुकले. तरीही व्यवहाराच्या पत्रात, आणि विशेषतः तारखा-महिने असलेल्या वाक्यात, मी ‘व्हाइल’ टाळीन. घाईने वाचणाऱ्याला क्षणभर तो काळाचा वाटू शकतो, आणि मालाच्या पत्रात तेवढी शंकासुद्धा नको. ‘द फर्स्ट कंटेनर विल लीव्ह इन फेब्रुवारी, बट द सेकंड विल नॉट लीव्ह बिफोर मार्च’ हे वाक्य दिसायला साधे आहे, पण त्याचा दुसरा अर्थ निघत नाही.

प्रश्न : स्पर्धा परीक्षेच्या सराव प्रश्नपत्रिकेत ‘इव्हन इफ इट विल रेन’ चूक आणि ‘इव्हन दो इट विल रेन’ बरोबर, असे उत्तर दिले होते. दोन्हींचा मराठी अर्थ ‘जरी पाऊस आला तरी’ असाच होतो ना? मग एकीकडे ‘विल’ का चालत नाही?
— एक विद्यार्थिनी, पंचवटी

उत्तर : आपली अडचण ‘जरी-तरी’ या जोडीने निर्माण केली आहे. ही जोडी दोन्ही अर्थांना सारखीच लागते, म्हणून अर्थही एकच आहे असे वाटते. पण जोडीवरची नजर काढून क्रियापदाकडे पाहिले, तर मराठीने हा भेद इंग्रजीइतकाच काटेकोर पाळलेला दिसेल. ‘गंगापूर धरणातून पाणी सोडले तरी पूजा होईल’ आणि ‘गंगापूर धरणातून पाणी सोडणार असले तरी पूजा होईल’ ही दोन वाक्ये मोठ्याने वाचून पाहा. पहिल्यात पाणी सुटेल की नाही, हे बोलणाऱ्याला ठाऊक नाही; तो केवळ शक्यता धरून चालला आहे. दुसऱ्यात पाणी सुटणार हे ठरलेले आहे आणि ते ठाऊक असूनही पूजा होणार आहे. पहिले ‘इव्हन इफ’चे वाक्य, दुसरे ‘इव्हन दो’चे किंवा ‘ऑल्दो’चे. म्हणजे मराठीत ‘-णार असला तरी’, ‘-णार असूनही’ असे रूप येत असेल, तर इंग्रजीत ‘विल’ येईल. आणि ‘आला तरी’, ‘सोडले तरी’, ‘दुतोंड्या मारुतीच्या छातीला पाणी लागले तरी’ असे रूप येत असेल, तर इंग्रजीत वर्तमानकाळ : ‘इव्हन इफ इट रेन्स’.

शक्यतेच्या वाक्यात इंग्रजी माणूस भविष्याऐवजी वर्तमानकाळ वापरतो, याचे आपण नवल करतो. पण आपण तर चक्क भूतकाळाचे रूप वापरतो. ‘उद्या पाऊस आला तर’ यातला पाऊस अजून यायचाच आहे. जुन्या इंग्रजीत भविष्यकाळाचे वेगळे रूपच नव्हते, वर्तमानकाळावरच भागत असे. आणि ‘विल’ या शब्दाचा मूळ अर्थ ‘इच्छा असणे’ असा होता. तो अर्थ अजून पुरता गेलेला नाही. म्हणूनच ‘इफ यू विल वेट अ मिनिट’ हे वाक्य ‘इफ’नंतर ‘विल’ असूनही शुद्ध आहे : ‘मिनिटभर थांबायची आपली तयारी असेल, तर’ असा त्यात आर्जव आहे. परीक्षेत हा अपवाद क्वचितच विचारतात, पण पत्र लिहिताना उपयोगी पडतो.

प्रश्न : आमच्या सोसायटीच्या फलकावर मी पुढील सूचना लिहिली : ‘ऑल्दो द टँक विल बी क्लीन्ड ऑन सॅटर्डे, बट वॉटर विल बी सप्लाइड इन द ईव्हनिंग.’ एका सदस्याने दोन वेळा ‘विल’ आले म्हणून हरकत घेतली. हरकत योग्य आहे का?
— एका गृहनिर्माण संस्थेचे सचिव, इंदिरानगर

उत्तर : हरकत चुकीच्या शब्दावर घेतली गेली. दोन्ही ‘विल’ आवश्यक आहेत. खटकतो तो ‘बट’. मराठीत ‘जरी’च्या पाठोपाठ ‘तरी’ आलाच पाहिजे असा कान तयार झालेला असतो, त्यामुळे ‘ऑल्दो’ लिहिताच हात आपोआप ‘बट’कडे जातो. इंग्रजीत मात्र एकच विरोध दोन्ही टोकांना दाखवत नाहीत. ‘ऑल्दो’ ठेवायचा असेल, तर स्वल्पविरामानंतर थेट ‘वॉटर विल बी सप्लाइड’. ‘बट’ ठेवायचा असेल, तर ‘ऑल्दो’ काढून टाकावा. कर्ता एकच असेल, तेव्हा तो दुसऱ्यांदा लिहिण्याचे कारण नाही : ‘द टँकर विल कम ॲट सिक्स बट विल नॉट वेट.’ नकार असताना दुसरे ‘विल’ गाळू नये. होकारार्थी वाक्यात ते गाळता येते, जसे ‘विल कम ॲट सिक्स अँड लीव्ह बाय सेव्हन’. आपल्या फलकासाठी मी असे लिहीन : ‘द टँक विल बी क्लीन्ड ऑन सॅटर्डे मॉर्निंग, बट वॉटर विल बी सप्लाइड इन द ईव्हनिंग.’ ‘मॉर्निंग’ हा शब्द मी घातला आहे. टाकी दुपारी धुणार असाल, तर तो बदलून घ्यावा.