काटा मध्यावर, म्हणजे नेमके किती अंश?

प्रश्न : माझ्या गाडीतला तापमानाचा काटा कायम मध्यावर असतो. पण ओबीडी रीडर (गाडीच्या संगणकातले आकडे दाखवणारे यंत्र) लावला तर कूलंटचे, म्हणजे इंजिन थंड ठेवणाऱ्या द्रवाचे, तापमान ८४ ते १०१ अंशांत सतत वरखाली होताना दिसते. काटा बिघडलाय का?

उत्तर : नाही, बहुतेक नव्या गाड्यांत तो असाच वागतो. सेन्सरचा आकडा आधी ईसीयूकडे, म्हणजे इंजिनाच्या संगणकाकडे जातो आणि साधारण ८० ते १०५ अंश सेल्सिअसमध्ये काहीही आले तरी काटा मध्यावरच ठेवला जातो. हा पट्टा मॉडेलनुसार थोडा बदलतो. काटा जरा हलला की लोक धास्तावतात, म्हणून ही सोय. तिचा तोटा असा, की काटा मध्य सोडून वर निघाला तेव्हा तापमान आधीच बरेच चढलेले असते. तेव्हा ‘थोडासाच वर आहे’ असे म्हणू नका.

तुमचा ८४-१०१ हा चढउतार निरोगी आहे. थर्मोस्टॅट, म्हणजे कूलंटला रेडिएटरकडे सोडणारी झडप, साधारण ८२ ते ८८ अंशांना उघडू लागतो आणि पुढच्या दहा-बारा अंशांत पूर्ण उघडतो. वेगात असताना वाऱ्यानेच रेडिएटर थंड होतो. गाडी उभी राहिली की तापमान चढते, ९५ ते १०० च्या आसपास पंखा लागतो, ते काही अंश उतरले की बंद होतो. शंभरी ओलांडली तरी कूलंट उकळत नाही, कारण निम्मे ग्लायकोल आणि निम्मे पाणी असलेले मिश्रण उघड्यावर सुमारे १०७ अंशांना उकळते आणि रेडिएटरच्या (किंवा कूलंटच्या टाकीच्या) झाकणाने धरलेला साधारण एक बारचा दाब ती मर्यादा १२० च्या पुढे नेतो. म्हणून झाकणाचे रबर गेले असेल तर ते बदला. स्वस्तातला भाग आहे, पण त्यावर बरेच अवलंबून आहे.

आकडा ११० वर टिकून राहिला तर एसी बंद करा, हीटर पूर्ण गरमवर लावा आणि सुरक्षित जागा बघून थांबा. लाल दिवा लागला तर इंजिन लगेच बंद. गरम झाकण उघडू नका, तापल्या इंजिनात गार पाणी ओतू नका. हेड, म्हणजे इंजिनाचा वरचा भाग, वाकू शकते.

प्रश्न : सिग्नलला काटा चढतो, गाडी पळू लागली की उतरतो.

उत्तर : पंखा पाहा. एसी लावल्यावरही फिरत नसेल तर आधी फ्यूज, मग रिले (पंख्याला वीज जोडणारा स्विच), मग मोटर. उलट चढावर किंवा वेगात तापत असेल तर तुंबलेला रेडिएटर, अर्धवट अडकलेला थर्मोस्टॅट किंवा वॉटर पंप.

प्रश्न : अर्धा तास चालवूनही काटा मध्यावर येत नाही. इंजिन थंड राहिलेले चांगलेच ना?

उत्तर : नाही. बहुधा थर्मोस्टॅट उघडाच अडकलाय. इंजिन गार आहे असे समजून ईसीयू जास्त इंधन देत राहतो, ऑइलमधला ओलावा उडून जात नाही आणि झीज वाढते. थर्मोस्टॅट काढून टाकण्याचा सल्ला मिळाला तर ऐकू नका. त्याच अंशांचा नवा, नव्या गॅस्केटसह बसवा आणि कूलंट भरल्यावर हवा काढून घ्या. त्याआधी थंड इंजिनावर कूलंटच्या टाकीतली पातळी मात्र पाहाच. कूलंट गळून सेन्सर कोरडा पडला, तर इंजिन जळत असतानाही काटा खालीच राहू शकतो.