शापाचा दगड उपटायचा कोणी?

कोल्हापूर,
आषाढ वद्य पंचमी

चिरंजीव लेखिकेस अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या कादंबरीचे चौथे प्रकरण दोनदा वाचले. पहिल्यांदा एका बैठकीत, कारण गोष्ट ओढून नेण्याची हातोटी तुझ्याकडे आहे. दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन, आणि त्या वाचनाला तीन दिवस लागले. इथे पावसाने ठाण मांडले आहे, राजाराम बंधारा पाण्याखाली गेला आहे, आणि तुझे दीपधारी मांत्रिक मात्र तीस वर्षांत सात खोरी जिंकताना एकदाही चिखलात रुतत नाहीत. माझी पहिली तक्रार तीच आहे.

प्रकरणात अकरा लढाया आहेत आणि अकराही एकाच रीतीने संपतात: मांत्रिक दिवा उंचावतो, प्रकाशाचा लोट उठतो, तट कोसळतो आणि पुढच्या परिच्छेदात सैन्य पुढच्या खोऱ्यात असते. जादूला माझी हरकत नाही. तुझ्या जगात ती आहे, तर तिने तट पाडावेत. परंतु तिने मधला रस्ताही गिळून टाकला आहे, आणि मुलूख जिंकण्याच्या इतिहासात रस्त्यालाच सगळ्यांत जास्त पाने लागतात.

पन्हाळ्याहून विशाळगडाला जाणारी वाट तुझ्या पायांखालची आहे. 1660 च्या आषाढात सिद्दी जौहरच्या वेढ्यातून निसटून शिवाजी महाराज त्या वाटेने निघाले आणि एक रात्र व दुसरा दिवस एवढ्या अवधीत विशाळगडी पोहोचले. मागे घोडखिंडीत बाजीप्रभू देशपांडे आणि त्यांच्याबरोबरचे मावळे पडले. पुढे 1702 साली औरंगजेबाने तोच विशाळगड घेतला, म्हणजे कित्येक महिने वेढा घालून अखेर रोख रक्कम मोजून पदरात पाडून घेतला, आणि ऐन पावसाळ्यात तो पन्हाळ्याकडे परतू लागला. ही मजल मारायला बादशाही लष्कराला महिन्याहून अधिक काळ लागला. ओढे फुगलेले, ओझ्याची जनावरे रुतलेली, दाणापाणी मिळेनासे झालेले. मुलूख तोच आणि पाऊसही तोच. एका बाजूला निवडक पायदळ होते आणि दुसऱ्या बाजूला तंबू, बाजार, कचेऱ्या घेऊन चालणारे एक शहर. तुझ्या दीपधारी सैन्याचे या दोहोंपैकी काय आहे, हे मला अजून कळलेले नाही.

दिव्याला तेल लागते. ते कोणत्या खोऱ्यातून येते, कोण गाळते, एका तटाला किती लागते आणि पावसात दिवा विझू नये म्हणून काय करतात, एवढे जरी तू ठरवलेस तरी अकरा लढायांचे अकरा वेगळे चेहरे होतील. जौहरने पावसाळ्यातही वेढा उठवला नाही. छावणीवर गवताची छपरे घालून तो बसून राहिला असे सांगतात. मला ती छपरे कोणत्याही तोफेपेक्षा भयंकर वाटतात. पन्हाळगडावर वेढ्याचे उत्तर देणारी वास्तू कोणती, तर अंबरखान्याची कोठारे. त्यांतल्या एकट्या गंगा कोठीत 25,000 खंडी धान्य मावत असे म्हणतात. पुन्हा गडावर गेलीस तर त्या कोठीच्या गार अंधारात दहा मिनिटे नुसती उभी राहा.

ह्याच वेढ्यातली आणखी एक गोष्ट तुझ्या कामाची आहे. राजापूरच्या वखारीतले इंग्रज लांब पल्ल्याची तोफ आणि दारूगोळा घेऊन जौहरच्या मदतीला आले होते. भांडण त्यांचे नव्हते, जादू मात्र त्यांची होती. पुढच्याच वर्षी महाराजांनी राजापूर लुटले आणि वखारीतले इंग्रज कैद केले. तुझ्या कथेत अशी उसनी जादू देणारा कोणीच नाही, याचे मला आश्चर्य वाटते.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. सातवे खोरे पडले की तुझे युद्ध संपते आणि तू लिहितेस, 'साम्राज्यात शांतता नांदू लागली.' हे वाक्य मी खोडलेले नाही, पण त्याखाली दोन रेघा ओढल्या आहेत. पंचविशीत असताना मी 1844 च्या गडकऱ्यांच्या उठावावर एक लांबलचक लेख लिहिला होता. त्यात इंग्रजी फौजेच्या तोफांचे, 1 डिसेंबरला पन्हाळ्याच्या तटाला पडलेल्या खिंडाराचे आणि नंतर जमीनदोस्त झालेल्या चार दरवाजाचे वर्णन चार पाने होते. उठावाचे कारण दोन ओळींत उरकले होते, तेही 'जुलमी राजवट' अशा मोघम शब्दांत. पुढे मोडी शिकलो, दप्तरातले रुमाल सोडून वाचू लागलो, तेव्हा त्या दोन ओळींची लाज वाटली. सामानगडावर, भुदरगडावर, पन्हाळ्यावर पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्या गडकऱ्यांच्या इनाम जमिनींची देखरेख नव्या कारभारात मामलेदारांकडे गेली, आणि आज देखरेख गेली तर उद्या सारा बसेल व परवा चाकरीही जाईल, हे त्यांनी ओळखले. कोल्हापूरकरांचा इंग्रजांशी तह 1812 सालीच झालेला होता. म्हणजे शाईने घेतलेला मुलूख खऱ्या अर्थाने हातात यायला बत्तीस वर्षे आणि एक मामलेदार लागला.

रुमाल म्हणजे काय ते तू पाहिलेले नाहीस. जाड्याभरड्या कापडात बांधलेले ते गाठोडे सोडले की आधी धूळ नाकात जाते, मग बोरूच्या सलग, हात न उचलता लिहिलेल्या ओळी दिसतात, आणि बहुतेक कागदांत पराक्रम औषधालाही नसतो. अमक्याचे शेत, अमुक बिघे, पूर्वीपासून चालत आले आहे ते पुढे चालवणे. राज्य बदलले की लोक जुनी सनद घेऊन नव्या राजाच्या दारात उभे राहत, आणि शहाणा राजा ती नवी करून देई. सनदेच्या शेवटी शपथ असे: हिंदूने मोडली तर त्याला गाईची आण, मुसलमानाने मोडली तर डुकराची.

याहूनही जुना प्रकार शिलाहार राजांच्या काळातला, गद्धेगाळ नावाची दानाची शिळा. माथ्यावर सूर्य-चंद्र, मध्ये दानाचा मजकूर आणि खाली गाढव व स्त्री यांचे चित्र, म्हणजे दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली शिवी. उद्याच्या राजाला शिवी देण्याची सोय आजच्या राजानेच दगडात करून ठेवायची, ही कल्पना मला आजही चकित करते.

आमच्या जगात तो शाप फळला की नाही, हा श्रद्धेचा प्रश्न. तुझ्या जगात तो खरोखर फळतो, कारण तिथे जादू खरी आहे. मग तिसरे खोरे जिंकल्यावर दीपधारी सम्राटासमोर गावोगावच्या वेशींवर असे शेकडो दगड उभे असतील. जमीन घ्यावी तर शाप, न घ्यावी तर खोरे जिंकून तिजोरीत काय पडले? तटासारखा दगडही दिव्याने फोडता येईल, पण शाप फोडणाऱ्याच्या आईवर जाईल. अशा वेळी राजवट काय करील, याचा मी दोन रात्री विचार केला. ती आई नसलेली माणसे शोधील. त्यांची पलटण उभारील, तिला चांगला पगार देईल आणि फक्त दगड उपटण्याच्या कामावर लावील. अशी माणसे कुठे मिळतील? पहिल्या दोन खोऱ्यांत, जिथे याच सैन्याने त्यांना पोरके केले. मला तुझी नायिका राजवाड्यात नको आहे. ती या पलटणीत असावी, आणि एखाद्या गावी दगडाला हात घालण्याआधी तिला कळावे की तिची आई जिवंत आहे. ही कल्पना तुला पटली तर घे, न पटली तर सोडून दे. पण शापशिळांचे उत्तर दिल्याशिवाय चौथे खोरे घेऊ नकोस.

इतिहास सांगणाऱ्याविषयी थोडक्यात. तुझा निवेदक कोणाचाच नाही. तो ढगातून पाहतो. त्याला एखाद्या कचेरीत कारकून म्हणून बसव आणि त्याच्या काकांचे एक शेत वादात असू दे, म्हणजे तो काय लिहितो आणि काय गाळतो ते आपोआप ठरेल. इथून जवळच्या बीड गावातल्या वीरगळांपाशी, लढाईत पडलेल्यांच्या स्मृतिशिळांपाशी, जाऊन ये. ते खालून वर वाचायचे असतात: तळाशी झुंज, मधे वीराला वर नेणाऱ्या अप्सरा, त्यावर शिवलिंगाची पूजा. लढाई कोणी जिंकली, हे त्या चित्रांवरून सहसा कळत नाही. ज्याच्या घरचे माणूस गेले त्याने दगड घडवला, एवढेच कळते.

तू विचारलेस की आपल्याकडे मांत्रिक युद्धाची कथा आहे का. अगं, आपण तिच्यातच राहतो. देवीने कोल्हासुराला मारले आणि नगराला नाव राहिले ते त्या असुराचे. औरंगजेबाने विशाळगडाला दिलेले नवे नाव मात्र आज गडावर कोणाला ठाऊक नाही. कोल्हासुराच्या मुलाने, कामाक्षाने, योगदंडाच्या बळावर देवांच्या शेळ्या-मेंढ्या करून टाकल्या. एकटी त्र्यंबोली त्यातून सुटली होती. तिने तो दंड हिरावला, कामाक्षाला मारले आणि सगळ्यांना सोडवले. मग विजयाचा उत्सव झाला आणि त्या उत्सवाला तिलाच बोलवायचे राहून गेले. ती रुसली आणि नगराबाहेरच्या टेकडीवर जाऊन बसली. दरवर्षी ललिता पंचमीला अंबाबाईची पालखी तिची समजूत काढायला टेंबलाईच्या टेकडीवर जाते, कोहळा फोडला जातो आणि त्याच्या तुकड्यासाठी झुंबड उडते. या कथेत प्रत्यक्ष युद्ध एका वाक्यात आटोपते, आणि राहून गेलेले आमंत्रण अजून दर आश्विनात निस्तरावे लागते. तुझ्या साम्राज्याच्या विजयोत्सवाची पंगत प्रकरणाच्या शेवटच्या पानावर आहेच. तिथे कोणाचे पान मांडायचे राहिले ते मला कळव.

पाने या पत्रासोबत परत पाठवतो आहे. पेन्सिलीच्या खुणा मुद्दाम फिक्या ठेवल्या आहेत, न पटलेल्या खोडून टाक. ललिता पंचमीला आपण टेकडीवर जाऊ, सकाळी लवकर निघावे लागेल. तोवर तिसरे खोरे नव्याने लिहून झाले तर घेऊन ये. नाही झाले तरी ये, त्या गर्दीत कोहळ्याचा तुकडा एकट्याच्या हाती लागत नाही.

कळावे.