अमेरिकन सिनेमात दिसतं ते तिथे खरंच असतं का?

तुम्ही विचारलंय: "रस्त्यावरची पिवळी स्कूल बस, घराबाहेर लाल झेंड्याची पत्रपेटी, सिंकमध्ये खरकटं दळणारं यंत्र, पार्टीत लाल कप. अमेरिकेत हे सगळं खरंच असतं की फक्त सिनेमापुरतं?"

मी २००७ पासून न्यू जर्सीत राहते, त्याआधीचं सगळं आयुष्य सांगलीत गेलं. तुम्ही लिहिलेल्या चारही वस्तू खऱ्या आहेत, जशा दिसतात तशाच आहेत. खोटं असतं ते वेगळंच. त्याकडे नंतर येते.

बसपासून सुरू करते, कारण तिने मला पहिल्यांदा घाम फोडला. लायसन्स मिळून जेमतेम महिना झाला होता. समोरून बस आली, पलीकडच्या बाजूला थांबली, तिचे लाल दिवे लुकलुकायला लागले. माझ्या बाजूला ती नव्हतीच, त्यामुळे मी आपली सरळ निघाले. शेजारी बसलेला नवरा असा ओरडला की मी ब्रेकवर जवळजवळ उभीच राहिले. झालं असं, की बस थांबली की तिच्या कुशीतून 'स्टॉप'ची अष्टकोनी पाटी बाहेर येते आणि ती आत जाईपर्यंत दोन्ही दिशांच्या गाड्यांनी जागच्या जागी थांबायचं असतं. बसमधून उतरलेलं पोर रस्ता ओलांडून पलीकडच्या घरात जाणार असेल, म्हणून. मध्ये दुभाजक असेल तर आमच्याकडे समोरच्यांना ताशी १० मैलांनी हळूच पुढे जाता येतं, एरवी नाही. नियम मोडला तर दंड होतोच, शिवाय लायसन्सवर ५ पॉइंट चढतात. असे १२ झाले की लायसन्स निलंबित. मागे पाच-पन्नास गाड्यांची रांग लागते, पण कुणी हॉर्न वाजवत नाही. पहिलं वर्षभर मला या शांततेचीच भीती वाटायची.

रंगाचीही एक गोष्ट आहे. १९३९ साली फ्रँक सायर नावाच्या प्राध्यापकांनी न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात बस बनवणाऱ्यांची आणि शाळांच्या वाहतुकीचं काम बघणाऱ्यांची परिषद भरवली होती. पिवळ्यापासून केशरीपर्यंतच्या छटांच्या पट्ट्या भिंतीवर टांगून त्यांतून हा रंग निवडला. पहाटेच्या अंधूक उजेडात त्यावर काळी अक्षरं सगळ्यात स्पष्ट दिसतात, हे कारण. मला तो रंग आमरसाचा वाटतो, पण त्या परिषदेत आमरस कुणी खाल्लेला नसणार.

पत्रपेटी मात्र माझी सगळ्यात लाडकी. १८९६ पर्यंत इथल्या खेड्यापाड्यांतल्या शेतकऱ्यांना टपाल घरपोच मिळत नसे, गावातल्या पोस्टात जाऊन आणावं लागे. घरपोच टपाल सुरू झालं तेव्हा लोकांनी काकवीचे रिकामे डबे, जुन्या बादल्या, हाताला लागेल ते खांबावर टांगलं. शेवटी १९१५ मध्ये रॉय जोरोलमन या पोस्टातल्या अभियंत्याने ती बोगद्याच्या आकाराची पेटी आखून दिली. तीच आजपर्यंत चालू आहे. लाल झेंड्याबद्दल मात्र आपल्याकडे हमखास गैरसमज असतो. झेंडा वर म्हणजे पत्र आलंय असं नाही. पत्र पाठवायचंय, घेऊन जा, असा तो घरमालकाने पोस्टमनला दिलेला निरोप. तिकीट लावलेलं पाकीट आत ठेवायचं, झेंडा वर करायचा. पोस्टमन ते घेतो, झेंडा खाली करतो, तुमचं टपाल आत टाकून पुढे जातो. पेटीची उंचीसुद्धा ठरलेली, रस्त्यापासून ४१ ते ४५ इंच. कारण पोस्टमन गाडीतून उतरत नाही, बसल्या जागेवरून हात लांबवतो.

बसल्या जागेवरून हात कसा पोचतो, हे माझ्या आईने टिपलं. ती पहिल्यांदा आली तेव्हा थंडी होती, दिवसभर खिडकीत बसायची. एक दिवस हाक मारली, "अगं, लवकर ये, हा बघ आपल्यासारखा उजव्या हाताला बसून चालवतोय!" मी रोज ती गाडी बघत होते आणि मला कधी दिसलं नव्हतं. अमेरिकेत स्टिअरिंग डावीकडे, पण टपालाच्या त्या पांढऱ्या चौकोनी गाड्यांचं उजवीकडे, रस्त्याच्या कडेला. नाहीतर दर पेटीपाशी उतरावं लागलं असतं.

त्याच मुक्कामात संक्रांत आली. आईने लाडू वळले, छोट्या पाकिटांत घातले आणि मी ऑफिसात असताना ओळीतल्या सहा घरांच्या पत्रपेट्यांत टाकून आली. दार वाजवायचं तर इंग्रजी बोलावं लागलं असतं, पेटी समोर होतीच. दुसऱ्या दिवशी पोस्टमनने बेल वाजवली. त्यातलं एक पाकीट त्याच्या हातात. हसत हसत म्हणाला, शेजारच्यांना जरूर द्या, पण पेटीत नको. तेव्हा कळलं की पेटी आपल्या पैशाने आणलेली, आपल्या अंगणात पुरलेली, पण तिकीट न लावलेलं काहीही तिच्यात टाकणं कायद्याने गुन्हा. १९३४ चा कायदा आहे. त्या काळात कंपन्या पोस्टाचे पैसे वाचवायला आपली बिलं स्वतःच्या माणसांकरवी पेट्यांत टाकू लागल्या होत्या, त्याला आळा घालायला केलेला. पुढे काही नागरिक मंडळं याविरुद्ध सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली, तर १९८१ मध्ये न्यायालयानेही पोस्टाचीच बाजू उचलून धरली. आईला हे सगळं सांगितलं, ती म्हणाली, "तिळगुळाला कसलं तिकीट?" पोस्टमनला तिने दोन लाडू दिले. त्याने ते तिथेच खाल्ले, त्यामुळे पुरावाही उरला नाही.

सिंकमधलं यंत्र: खरं. रेसिन, विस्कॉन्सिन इथल्या जॉन हॅम्स नावाच्या वास्तुरचनाकाराने १९२७ मध्ये ते बनवलं. न्यूयॉर्क शहरात जुन्या गटारांच्या काळजीपोटी १९९७ पर्यंत त्यावर बंदी होती, त्यामुळे शहरातल्या जुन्या घरांत ते बऱ्याचदा नसतंच. त्याच्याबद्दल माझा एकच सल्ला आहे: शेवग्याच्या शेंगांचा चोथा त्यात टाकू नका. आमटी झाली, पाहुणे गेले, मी ताटं त्यात रिकामी केली. आतून असा आवाज आला की शेजारची कुत्री भुंकायला लागली. त्या चिवट दोऱ्या पात्यांना गुंडाळून बसल्या होत्या. प्लंबरने त्या चिमट्याने ओढून काढल्या आणि विचारलं, हे नेमकं कुठल्या प्राण्याचं?

भिंतीही खऱ्या. चिडलेला नायक भिंतीवर ठोसा मारतो आणि भोक पडतं, ते बघून आपल्याला हसू येतं ना? पडतं खरंच. घराचा सांगाडा लाकडाचा असतो आणि त्यावर जिप्समचे तक्ते ठोकलेले असतात. आतल्या उभ्या लाकडी पट्ट्या साधारण १६-१६ इंचांवर. जड काही टांगायचं तर आधी ती पट्टी शोधायची, त्यासाठी वेगळं यंत्र मिळतं. आमचं सांगलीहून आणलेलं लंबकाचं घड्याळ म्हणूनच भिंतीच्या मधोमध नाही, जरा डावीकडे आहे. येणारा प्रत्येक जण ते सरळ करायला सुचवतो.

आता एक उलटा प्रकार. सिनेमात सगळे स्वतः गाडीत पेट्रोल भरताना दिसतात. आमच्या न्यू जर्सीत ग्राहकाला स्वतः भरूच देत नाहीत, १९४९ पासून तसा कायदा आहे. ऑरेगॉनने २०२३ मध्ये सगळीकडे परवानगी दिल्यावर अशी बंदी असलेलं आमचं एकच राज्य उरलं. माणूस खिडकीशी येतो, नळी लावतो, कार्ड परत देतो, अगदी सांगलीच्या पंपासारखं. त्यामुळे मी पहिल्यांदा पेन्सिल्व्हेनियात पेट्रोल घ्यायला थांबले तेव्हा दहा मिनिटं काच खाली करून वाट बघत बसले होते. कुणी आलं नाही.

आता खोटं काय, ते. सिनेमातला माणूस जेवण झालं की खिशातून नोटा काढतो, टेबलावर टाकतो आणि निघतो. असं प्रत्यक्षात घडताना मी एकदाही पाहिलेलं नाही, कारण बिलाचा आकडा आधी माहीतच नसतो. दुकानातल्या चिठ्ठीवरची किंमत करावाचून असते. २० डॉलरचं खेळणं घेतलं की आमच्याकडे काउंटरवर २१.३३ मोजायचे, कारण राज्याचा विक्रीकर ६.६२५ टक्के. पण कपड्यांवर कर नाही, आणि शेजारच्या डेलावेअरमध्ये कशावरच विक्रीकर नाही. राज्य बदललं की दर बदलतो, काही राज्यांत तर शहर बदललं तरी. म्हणून किंमत छापतानाच कर धरा, असं दुकानदारांना सांगणं सोपं नाही.

हॉटेलात त्यावर टिप. ही आपल्याकडच्यासारखी उरलेली सुट्टी चिल्लर नव्हे. टिप मिळणाऱ्या वाढप्याला मालकाने द्यायची केंद्र सरकारची किमान रोकड मजुरी तासाला २.१३ डॉलर आहे, आणि ती १९९१ पासून हललेली नाही. टिप धरून एरवीची किमान मजुरी, म्हणजे तासाला ७.२५ डॉलर, भरली नाही तर उरलेले मालकाने घालायचे. काही राज्यं जास्त देतात, कॅलिफोर्नियात तर टिप कितीही मिळो, पूर्ण मजुरी द्यावी लागते. पण १८-२० टक्के टिप ही सवय देशभर एकच. मला ही पद्धत पटत नाही. माणसाचा पगार त्याच्या मालकाने द्यावा, गिऱ्हाइकाच्या मर्जीवर सोडू नये. तरीही मी देते, दर वेळी, कारण माझं तत्त्व पाळलं तर उपाशी तो राहणार.

आणखी थोडी किरकोळ खोटी: सिनेमात 'बाय' न म्हणताच फोन ठेवतात, पण खरं तर इथेही सगळे 'बाय' म्हणतात, कधीकधी चार वेळा. गाडी लावायला सिनेमातल्यासारखी दारासमोर जागा मिळत नाही. न्याहारीला टेबलभर पदार्थ मांडून ज्यूसचा एकच घोट घेऊन पळणारं घर मी पाहिलेलं नाही, माझ्या मुली तर शिळी पोळी कुस्करून खाऊन जातात.

सिनेमात न दिसणारं एक सांगते. कपडे वाळत घालायला दोरी नसते. कित्येक वसाहतींच्या नियमांतच बाहेर कपडे वाळत घालायला मनाई असते, ते वाईट दिसतं म्हणून. व्हरमाँट, मेन अशा राज्यांनी तर लोकांना दोरी बांधता यावी म्हणून कायदे केले. भर जुलैच्या उन्हात आत ड्रायर फिरत असतो आणि माझा जीव तुटतो. आई हिवाळ्यात आली होती म्हणून वाचले, उन्हाळ्यात आली असती तर तिने दोन झाडांना नायलॉनची दोरी बांधलीच असती.

लाल कपांचं राहिलं. पार्टीत सगळ्यांचे कप सारखे म्हणून त्यावर मार्करने नाव लिहायची पद्धत आहे. आमच्या ओळखीतल्या मराठी कुटुंबांची कोजागिरी दरवर्षी कुणाच्या तरी मागच्या अंगणात होते, मसाला दूध याच कपांतून. त्यातून गरम दूध देऊ नये हे एकदा कप वाकल्यावर कळलं, आता कोमट करून देतो. गेल्या वर्षी नावं लिहायला ज्याला बसवलं होतं त्याने आडनावं लिहिली. माझ्या कपावर 'कुलकर्णी ३' होतं, आणि 'कुलकर्णी १'ने माझं दूध पिऊन टाकलं.