भाजीवरचं औषध ओळखायला ग्लुकोमीटरसारखं मशीन का नाही?

साखर तपासायचं मशीन घरोघरी आलं, मग भाजीवर फवारलेलं औषध ओळखणारं तसंच मशीन का मिळत नाही, असं तुम्ही विचारलंय. माझी एमएस्सीची दोन वर्षं यातच गेली, म्हणून लिहितो.

साखरेच्या स्ट्रिपमध्ये साखर वाढली की करंट वाढतो. १९६२ मध्ये क्लार्क आणि लायन्स या शास्त्रज्ञांनी एन्झाइम इलेक्ट्रोडची, म्हणजे रासायनिक क्रिया घडवणारं प्रथिन (एन्झाइम) इलेक्ट्रोडवर बसवायची कल्पना मांडली, तेव्हापासून मूळ कल्पना तीच. औषधाचं उलटं आहे. इलेक्ट्रोडवर ॲसिटिलकोलिनएस्टरेज हे मज्जातंतूंच्या कामाला लागणारं एन्झाइम बसवायचं. मोनोक्रोटोफॉससारखं औषध त्याला जखडतं आणि करंट पडतो. कापूस फवारताना माझ्या मामाला विषबाधा झाली, तेव्हा परभणीच्या डॉक्टरांनी रक्तात कोलिनएस्टरेजच तपासलं होतं. मी हा विषय घेतला तो त्यामुळे.

गोम अशी, की उष्णतेनं मेलेलं एन्झाइम आणि औषधानं जखडलेलं एन्झाइम, दोन्हींचा करंट सारखाच पडतो. मे महिन्यात एकदा रात्रभर लाईट नव्हती, एन्झाइम ठेवलेला फ्रीज बंद. सकाळी बाजारातल्या पालकाचा अर्क लावला तर करंट निम्म्याखाली. माझ्या गाईड सरांनी तो आदल्या दिवशीच्या रीडिंगशी ताडून पाहिला आणि म्हणाले, "सापडलं, लिहून टाक." मी म्हणालो, सर, आधी कोरं बफर, म्हणजे भाजी-औषध काही नसलेलं नुसतं द्रावण, लावून बघू. "वेळ घालवू नको." मग मी आईच्या परसातला पालक आणला, शेणखताशिवाय त्याला काही माहीत नाही. करंट तेवढाच पडला. कोऱ्या बफरलाही तेवढाच! तरी सरांचं एकच, तुझा हात बसलेला नाही. तो आलेख मी प्रबंधात घातला नाही. मार्क कमी पडले. आजही घालणार नाही.

म्हणून कुणी तुम्हाला औषध ओळखायची पट्टी विकायला आलं, तर पहिलं विचारा: सोबत दुसरी पट्टी औषध नसलेल्या कोऱ्या द्रावणात लावून दाखवता का? आणि आमच्याकडच्या उन्हाळ्यात ती ठेवली कुठे होती? उत्तर देता आलं नाही तर पैसे देऊ नका.

बाकी, रक्तात साखर लिटरमागे हजारेक मिलिग्रॅम असते. भाजीत औषध कित्येकदा किलोमागे ०.०१ मिलिग्रॅमपर्यंत शोधावं लागतं. लाखपट कमी. शिवाय पट्टी कोणतं औषध आहे ते सांगत नाही. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक तर या एन्झाइमला अडवतच नाही, ते या पद्धतीत दिसणारच नाही. त्यासाठी नमुना प्रयोगशाळेतच पाठवावा लागतो.