दार कोणासाठी लावता?

*ताई, प्रभूमध्ये सलाम.*

*मी लहानपणापासून विश्वासात आहे. रविवारी उपासनेत शास्त्रपाठ वाचतो, प्रभुभोजन चुकवत नाही. पण रागावर ताबा नाही. संध्याकाळी कामावरून आलो की मुलाचा अभ्यास घेतो. तो अकरा वर्षांचा आहे. तेच गणित तिसऱ्यांदा चुकलं की माझा तोल जातो, वाटेल ते बोलतो. मागच्या आठवड्यात त्याची वही भिंतीवर भिरकावली. रात्री तासभर गुडघे टेकून रडतो. आवाज मुलाला जाऊ नये म्हणून दार लावून घेतो. दावीद राजाचं पश्चात्तापाचं 51वं स्तोत्र म्हणतो, मन हलकं होईपर्यंत उठत नाही. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. बायको म्हणते, स्वतःला इतका त्रास करून घेऊ नका, देव तुमचं मन जाणतो. पण माझा पश्चात्तापच खोटा आहे की काय, अशी भीती वाटते. रोज तेच पाप घेऊन गेलं तर देव कंटाळत नसेल का?*

*— एक थकलेला विश्वासी*

तुमच्या प्रश्नाचं उत्तर लहान आहे, ते आधी देऊन टाकते. देव कंटाळत नाही. एखादा दिवसातून सात वेळा चुकला आणि सातही वेळा ‘मला पश्चात्ताप झाला’ म्हणत आला तरी त्याला क्षमा करा, असं येशूने शिष्यांना बजावलं. माणसाकडून जो एवढं मागतो, तो स्वतः आठव्या वेळी तोंड फिरवेल? आणि रोज पश्चात्ताप करावा लागतो यात शरमेचं काही नाही. 1517 मध्ये धर्मसुधारक मार्टिन लूथरने 95 सिद्धांत मांडले, त्यातला पहिलाच असा की विश्वासणाऱ्याचं अख्खं आयुष्य पश्चात्तापाचं असावं. शेवटच्या भोजनाच्या रात्री येशू शिष्यांचे पाय धुवत होता; त्यांतला पेत्र हातपाय-डोकं सगळंच धुवून मागायला लागला, तेव्हा ज्याचं स्नान झालंय त्याला पाय तेवढे धुवावे लागतात, असं प्रभूने त्याला सांगितलं. रोज चालायचं, रोज पाय मळायचे. झालं.

मी अडकले ते त्या दारापाशी.

‘आवाज मुलाला जाऊ नये म्हणून’ असं तुम्ही लिहून गेलात आणि लगेच स्तोत्राकडे वळलात. मी ते वाक्य पुन्हा पुन्हा वाचलं. संध्याकाळी तुम्ही ओरडता तेव्हा कोणतं दार लावता? तो आवाज पोराने पुरता ऐकलेला असतो, बहुधा शेजारच्यांनीही. वही भिंतीवर आपटल्याचा आवाजसुद्धा. त्याच्या कानावर जायचं राहतं ते एकच, बाबांना वाईट वाटलं हे. नेमकं तेवढंच तुम्ही दाराआड ठेवता.

आता मत्तयाचा सहावा अध्याय माझ्यापुढे करू नका. खोलीत जा, दार लाव आणि गुप्त असलेल्या पित्याची प्रार्थना कर, हे मला ठाऊक आहे. ते लोकांची वाहवा मिळवायला चौकात उभं राहून प्रार्थना करणाऱ्यांना उद्देशून आहे. तुम्ही दार लावता ते मान खाली गेलेली दिसू नये म्हणून. मुलासमोर बाप म्हणून असलेला रुबाब जपायचा आणि देवासमोर पापी व्हायचं, अशी वाटणी तुम्ही करून ठेवली आहे.

त्यात 51वं स्तोत्र तुमच्या फारच सोयीचं पडलं. ‘तुझ्याविरुद्धच मी पाप केलं’ असं दावीद देवाला म्हणतो. पण दाविदाने ज्याची बायको घेतली आणि ज्याचा घात केला तो उरीया तेव्हा मेलेला होता. त्याच्याकडे जाऊन हात जोडायची वाटच दाविदाला उरली नव्हती. तुमचा उरीया पलीकडच्या खोलीत जागा असतो हो! त्यापेक्षा लूकचा पंधरावा अध्याय काढा. येशूच्या दाखल्यातला उधळ्या मुलगा बापाच्या घरी परत येऊन काय म्हणतो? स्वर्गाविरुद्ध आणि तुमच्यापुढे मी पाप केलं आहे, बाबा. दोन्ही एका दमात. यातलं पहिलं अर्धं तुम्ही रोज तासभर म्हणता आणि दुसरं आजवर एकदाही म्हटलेलं नाही. म्हटलं असतं तर एवढ्या लांब पत्रात ते आलं असतंच.

बायकोचं म्हणणं मला पटत नाही. देव तुमचं मन जाणतो, बरोबर. मुलगा जाणत नाही. त्याला तोंडाने सांगावं लागतं. तुमची समजूत घालायला त्या जेवढी शक्ती घालवतात, तेवढी तुम्हाला त्या दाराबाहेर ढकलण्यात घालवली तर बरं.

आणि त्या तासभराबद्दल. ‘मन हलकं होईपर्यंत’ असं तुम्ही लिहिलंय. म्हणजे क्षमा मिळाली की नाही हे तुमचं मन ठरवतं, आणि ते पटेपर्यंत तुम्ही हप्ते भरता. यात विश्वास कुठे आला? आपण आपली पापं पदरी घेतली तर तो विश्वसनीय आहे, क्षमा करील, असं योहानाच्या पहिल्या पत्रात लिहिलंय. ते वचन धरून उठायचं, मन जड असलं तरी उठायचं, याला विश्वास म्हणतात. येशूच्या दुसऱ्या एका दाखल्यात मंदिरात आलेल्या पापी जकातदाराची प्रार्थना एका वाक्याची होती आणि तो नीतिमान ठरून घरी गेला. तुमचं रडणं खोटं आहे असं मी म्हणत नाही. पण देवासमोर रडण्याची तुम्हाला सवय झाली आहे, तिथे आता काही पणाला लागत नाही. अकरा वर्षांच्या पोरासमोर लागेल. म्हणून तर तिकडे पाय वळत नाहीत.

तेव्हा एकच करा. पुढच्या वेळी तोल गेला (जाईल, मी भाबडी नाही) की त्याच संध्याकाळी, प्रार्थनेच्या आधी, त्याच्याकडे जा. त्याच्या उंचीला येऊन बसा आणि म्हणा, ‘मी तुझ्यावर ओरडलो. ते चुकलं माझं. मला क्षमा कर.’ इथे थांबा. ‘पण तूही जरा लक्ष देत जा’ हे शेपूट जोडलंत की आधीचं सगळं वाया गेलं. ‘बाबा दमलेले असतात ना’ हेही नको. गळाही काढू नका, नाहीतर त्यालाच तुमचे डोळे पुसावे लागतील.

मागच्या आठवड्याचं तर आजच उरकायचं आहे. ती वही कोणी उचलली, हे पत्रात नाही. त्यानेच उचलली असणार. मोशेच्या नियमशास्त्रात, गणनाच्या पाचव्या अध्यायात, दोषी माणसाने पाप कबूल करायचं, ज्याचं नुकसान केलं त्याचं भरून द्यायचं आणि वर पाचवा हिस्सा घालायचा, असं सांगितलंय. नुसती कबुली तिथे पुरत नाही. तेव्हा ती वही मागून घ्या. पानं दुमडली असतील तर सरळ करा, फाटलं असेल ते चिकटवा, त्याच्या देखत. खाऊ किंवा खेळणं आणून मोकळं होऊ नका, ती लाच आहे आणि मुलांना ती बरोबर कळते.

याने राग लगेच जाईल असं वचन मी देत नाही. पण ओरडल्यावर याच पोरासमोर बसून क्षमा मागायची आहे, हे माहीत असलं की वहीकडे गेलेला हात अधूनमधून तरी थांबतो. दाराआडच्या रडण्याने तो थांबत नाही, हे तुम्ही स्वतःच लिहून कळवलं आहे.

रात्रीची प्रार्थना पाच मिनिटांत आटोपा आणि झोपा. दमलेल्या माणसाचा गणिताशी झगडा लवकर पेटतो.

पहिल्या दिवशी तो बहुधा काही बोलणार नाही. ‘बरं’ म्हणेल, नाहीतर नुसता बघत राहील. तुम्ही क्षमा मागितली म्हणून त्याने ती लगेच द्यावी असं नाही. उत्तराची वाट बघत तिथे बसून राहू नका.