बाळ नऊ महिन्यांचं झालं, नीट बसतं, पण रांगत नाही. वॉकर आणावा का?

नका आणू.

खरं तर एवढ्यावरच थांबणार होते. पण तुम्ही पुढे लिहिलंय, "सासरे म्हणतात, आमची सगळी मुलं वॉकरमध्येच चालायला शिकली," आणि तिथे मला राहवेना. आमच्या घरात हे वाक्य मी 32 वर्षं ऐकतेय.

आमचा मुलगा नवव्या महिन्यात अगदी तुमच्या बाळासारखा होता. ठेवावं तिथे बसायचा, हातातला डबा उलटासुलटा करून बघत राहायचा आणि पालथं घातलं की रडून घर डोक्यावर घ्यायचा. जावेचा मुलगा याच्याहून तीन आठवड्यांनी लहान, तो घरभर रांगायचा. मग काय, येणाराजाणारा विचारणार, "हा अजून रांगत नाही?" मी या कानाने ऐकून त्या कानाने सोडून द्यायचे. यांनी मात्र मनाला लावून घेतलं आणि एका संध्याकाळी वॉकर घेऊनच आले. निळा, सहा चाकांचा, पुढच्या ट्रेवर खुळखुळणारे मणी. मी नको म्हटलं. का, ते मला धड सांगता येईना. "मला बरं वाटत नाही," एवढंच म्हणाले. कारण देता न येणाऱ्या बाईचं घरात कोण ऐकतं?

चार दिवस सगळ्यांची करमणूक झाली. पाचव्या दिवशी मी गॅलरीत दोरीवरचे कपडे काढत होते. खोलीतून गॅलरीत उतरायला एक पायरी. एकच. मण्यांचा आवाज जवळ आला म्हणून वळले, तर पुढची चाकं पायरीवरून सुटलेली. हात पुढे केला, पण हातात ओला टॉवेल, आणि तोच त्याच्या अंगावर पडला. तो वॉकरसकट पुढे. हनुवटी फुटली, तीन टाके पडले. यावर यांचं म्हणणं, "तू लक्ष द्यायला हवं होतंस."

तेव्हा देता आलं नाही ते कारण आता देते. वॉकरमधलं मूल एका सेकंदात तीन फुटांहून जास्त जाऊ शकतं. समोर बसलेलं माणूससुद्धा पोचत नाही, टॉवेलवालीची काय कथा. कॅनडाने 2004 साली वॉकरच्या विक्रीवर बंदी घातली. नुसतं लक्ष देऊन भागत असतं तर कशाला घातली असती? हे यांना वाचून दाखवलं. म्हणाले, "तिकडे जिने जास्त असतील."

आणि वॉकर चालायला शिकवतो हेही खोटं. भार सगळा बैठकीवर, मूल नुसतं चवड्यांनी ढकलतं, ट्रेमुळे त्याला स्वतःचे पाय दिसत नाहीत. तोल जाणं, पडणं, परत उठणं, शिकायचं ते नेमकं राहून जातं. शिवाय हात उंचावर पोचतो, टेबलावरचं गरम काहीही ओढून घेता येतं.

आता रांगण्याचं. आमचा शेवटपर्यंत रांगला नाहीच. एक पाय दुमडून, एका हाताने वल्हं मारल्यासारखा ढुंगणावर सरकायचा. सगळ्या चड्ड्या एकाच बाजूने झिजलेल्या. सोळाव्या महिन्यात एकदा दोन हातांत दोन झाकणं घेऊन आपटत बसला होता, तसाच उठला आणि तीन पावलं टाकली. धरायला हात मोकळा नाही हे त्याच्या लक्षातच आलं नसावं. जागतिक आरोग्य संघटनेने 2006 साली कोष्टक काढलं, त्यात रांगण्याची मुदत साधारण पाच ते साडेतेरा महिने आणि आधाराशिवाय चालण्याची आठ ते साडेसतरा महिने अशी आहे. त्या पाहणीतली शंभरातली चारएक मुलं हातगुडघ्यांवर रांगलीच नाहीत. तेव्हा जावेच्या मुलाकडे बघू नका, तुमच्याकडे जो कोणी तसा असेल त्याच्याकडेही नको. जमिनीवर मोकळं सोडा, जागं असताना पालथं घाला, खेळणं हाताला जरा कमी पडेल असं ठेवा. बस.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगायला हवं होतं. बाळ आधाराशिवाय बसत नसतं तर मी असं लिहिलं नसतं. एकाच बाजूचा हातपाय वापरत असेल, अंग ताठ किंवा फार सैल वाटत असेल किंवा आधी येणारी गोष्ट करेनासं झालं असेल, तर माझं उत्तर सोडा आणि डॉक्टरांकडे जा. दिवस भरायच्या आधी जन्मलं असेल तर महिने ठरलेल्या तारखेपासून मोजा.

आमची नात आता आठ महिन्यांची आहे. गेल्या आठवड्यात यांनी माळ्यावरून तोच निळा वॉकर काढून पुसून ठेवला. "एवढा मोठा झाला, काही बिघडलं का त्याचं?" मुलगा दाढी ठेवतो, त्यामुळे व्रण दिसत नाही, हा यांच्या बाजूचा आणखी एक पुरावा. सूनबाई काही बोलली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली.

दुपारी हे झोपल्यावर सहाही चाकं काढून ठेवली. कुठे, ते विचारून विचारून दमलेत.